एका इंचाचा मिलिमीटर

१

दिवाळीच्या किल्ल्यावरचा मावळा नेहमीच महादरवाजापेक्षा उंच असतो. ह्याबद्दल आजवर कोणत्याही मुलाने खंत केल्याचे ऐकिवात नाही. महाराज सिंहासनावर बसले की शेजारचा बुरूज त्यांच्या गुडघ्याला लागतो. पायथ्याशी उगवलेले हळीव हे कधी भाताचे शेत असते, तर कधी घनदाट अरण्य. आणि गुहेतला वाघ गुहेत मावत नाही म्हणून तटावर येऊन बसतो. तरीही संध्याकाळी पणत्या लागल्या की तो किल्ला खरा वाटतो. मापात न बसणाऱ्या ह्या खरेपणाची आपल्याला लहानपणापासून इतकी सवय असते, की मापाने केलेली प्रतिकृती समोर आली म्हणजे आधी थोडा संशयच वाटतो. एवढे मोजायचे कशाला? जे आहे तेच पुन्हा लहान करून मिळवायचे काय?

हा संशय मी गेल्या दिवाळीत बोलून दाखवला. त्याची शिक्षा म्हणून हा लेख लिहीत आहे.

झाले ते असे. लॉस एंजलिसला नोकरी करणारा माझा भाचा वसुबारसेला घरी आला तो एक खोका काखोटीला मारूनच. खोक्यात एका जुन्या अमेरिकन मोटारीच्या प्लॅस्टिकच्या प्रतिकृतीचे सुटे भाग होते. अंगणात पोरे किल्ल्याची माती मळत होती, आणि तिशी उलटलेला हा गृहस्थ ओसरीवर बसून बारीक दातांच्या करवतीने त्या वीतभर गाडीचा टप कापत होता. वसुबारसेपासून भाऊबीजेपर्यंत त्याचे एवढेच काम झाले : टप कापला, खाली बसवला, सांधा भरला, घासला, पुन्हा भरला, पुन्हा घासला. फराळाच्या ताटात प्लॅस्टिकचा भुसा उडतो म्हणून त्याच्या आईने दोनदा आवाज चढवला. मी मात्र वडीलकीच्या सुरात म्हणालो, "अरे, दुसऱ्याने घडवलेल्या गाडीची नक्कल करायला एवढा खटाटोप? त्यापेक्षा स्वतःची एखादी गाडी तरी कल्पनेने घडव."

त्याने करवत खाली ठेवली नाही. वरही पाहिले नाही. म्हणाला, "मामा, तुम्ही चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या पुस्तकांवर लिहिताय. ते काय असतं?"

घरातली सगळी मंडळी हसली. मीही हसलो. पण प्रश्न तसाच राहिला.

२

ज्या गाडीची ती प्रतिकृती होती, तिची ओळख आधी करून दिली पाहिजे. कारण तिच्या कुळकथेतच ह्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आहे.

दुसरे महायुद्ध संपले तेव्हा दक्षिण कॅलिफोर्नियात तरुणांच्या हाती जुन्या मोटारी येऊ लागल्या होत्या. काहींनी त्या वेगासाठी बदलल्या. काहींना वेगाची फारशी फिकीर नव्हती. त्यांना गाडी देखणी हवी होती. कारखान्यातून आलेली गाडी आपल्या मनाजोगी कापून, जोडून, रंगवून घ्यायची, ह्या छंदाला तिकडे 'कस्टम' म्हणतात. ह्या कामात जॉर्ज आणि सॅम बॅरिस ह्या भावांचे लिनवूड येथील दुकान अग्रगण्य होते. सॅमचा हात पत्र्यावर बसलेला. जॉर्ज रंगात आणि स्वतःची दवंडी पिटण्यात वाकबगार. पुढे १९६६ साली दूरचित्रवाणीवर बॅटमॅनची जी काळी गाडी आली, ती ह्याच जॉर्जच्या दुकानातली.

बॉब हिरोहाटा नावाच्या जपानी वंशाच्या एका अमेरिकन तरुणाने आपली १९५१ ची मर्क्युरी ह्या भावांच्या स्वाधीन केली. मर्क्युरी ही फोर्ड कंपनीचीच एक गाडी. ते नाव २०११ साली बंद झाले. मुळात ती बोजड, पोटाळलेली, खालच्या मानाने डोक्याला जड अशी गाडी. बॅरिस बंधूंनी तिचा टप पुढून चार इंच आणि मागून सात इंच खाली आणला. दार आणि मागची खिडकी ह्यांमधला खांब काढून टाकला, त्यामुळे काचांची एकच सलग वाकदार रेघ तयार झाली. दारांच्या मुठी गेल्या, बोनेटवरचे बोधचिन्ह गेले, डिकीवरची नक्षी गेली. हेडलाइट मडगार्डात आत ओढून बसवले. पुढची जाळी फोर्डच्या जाळ्यांचे तुकडे जोडून केली, मागचे दिवे लिंकनचे आणले, आणि अंगावर ब्युइकची ती झोकदार चकचकीत पट्टी चढवली. पट्टीच्या वर समुद्राच्या फेसाला हिरवी झाक यावी तसा फिकट हिरवा, खाली गर्द हिरवा. १९५३ पासून ही गाडी 'हिरोहाटा मर्क' ह्या नावाने ओळखली जाते. खुद्द मालकाने तीत कॅडिलॅकचे इंजिन घालून ती कॅलिफोर्नियातून थेट इंडियानापोलिसपर्यंत चालवत नेली होती; म्हणजे ती नुसती मांडवातली नवरी नव्हती.

आता ह्या यादीकडे जरा समीक्षकाच्या नजरेने पाहा. तीत नवे असे काय आहे? जाळी फोर्डची, दिवे लिंकनचे, पट्टी ब्युइकची, इंजिन कॅडिलॅकचे. सगळी उसनवारी! आणि ज्याला आपण कर्तृत्व म्हणू, त्यातला मोठा भाग काढून टाकण्याचा. बॅरिस बंधूंनी कारखान्याची गाडी वाचली, तिच्यात पाल्हाळ कुठे आहे ते ओळखले, आणि तो छाटला. मर्ढेकरांनी 'सौंदर्य आणि साहित्य' (१९५५) ह्या ग्रंथात संवाद, विरोध आणि समतोल अशी लयीची तीन तत्त्वे सांगितली आहेत. ती मोटारीला लावली तर मर्ढेकर रागावले नसते अशी आशा आहे. टपाची उतरती रेघ आणि मागच्या मडगार्डाची उतरती रेघ एकमेकींशी बोलतात, हा संवाद. गर्द आणि फिकट हिरव्याची गाठ ब्युइकच्या पट्टीवर पडते, हा विरोध. आणि टप मागे पुढच्यापेक्षा तीन इंच जास्त खाली आणल्यामुळे गाडीचा सारा भार मागच्या चाकांवर रेलतो, जणू ती उभी असतानाच सुटण्याच्या तयारीत आहे, हा समतोल. चार आणि चार इंच कापले असते तर गाडी फक्त बुटकी झाली असती. चार आणि सात, ह्या दोन आकड्यांत सगळे काव्य आहे.

टॉम वुल्फ ह्या पत्रकाराने १९६३ साली 'एस्क्वायर' मासिकात ह्या गाडीवाल्यांवर लिहिले, तेव्हा त्यांना सरळ कलावंतांच्या पंक्तीला बसवले. त्या वेळी अनेकांना ती थट्टा वाटली असेल. मला ती वाटत नाही. पण वुल्फ ज्यांच्याविषयी बोलत होता ते गाडी घडवणारे होते. त्या गाडीची प्लॅस्टिकमध्ये प्रतिकृती करणाऱ्याला त्या पंक्तीत पाट मांडायचा की नाही, हा आपला प्रश्न आहे.

३

अमेरिकेत १९५० च्या सुमारास मोटारविक्रेते नव्या गाडीचा नमुना म्हणून छोट्या प्लॅस्टिकच्या गाड्या गिऱ्हाइकांना दाखवीत. त्या गाड्या बनवणाऱ्या एएमटी ह्या कंपनीने १९५८ साली एक युक्ती काढली. तीच गाडी तिने सुट्या भागांत, खोक्यात घालून मुलांना विकायला काढली, आणि खोक्यात भाग तीन तऱ्हांचे घातले. कारखान्यातून आली तशी गाडी जोडा, शर्यतीची जोडा, नाहीतर कस्टम जोडा. एका खोक्यात तीन शक्यता. बारा वर्षांच्या मुलाला पहिल्यांदाच कोणी विचारले, "ही गाडी कशी असायला हवी, असे तुला वाटते?" ह्या मुलांनी पुढे खोक्यातल्या तीन शक्यतांवर समाधान मानले नाही, हे सांगायला नकोच.

माझ्या भाच्याच्या खोक्यात १९४९ च्या मर्क्युरीची प्रतिकृती होती, पंचविसास एक ह्या प्रमाणाची. ह्या प्रमाणात एक गंमत आहे. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, त्याला पंचविसाने भागले की जवळजवळ बरोबर एक मिलिमीटर उरतो. म्हणजे लिनवूडच्या दुकानात जो एक इंच, तो आमच्या ओसरीवर एक मिलिमीटर. पुढून चार मिलिमीटर, मागून सात. हिशेब किती सोपा!

पण हिशेब सोपा असला तरी टप खाली बसत नाही. हे मी स्वतः पाहिले. गाडीच्या टपाला आधार देणारे खांब सरळ उभे नसतात. ते वर जाताना आत झुकलेले असतात. त्यांतला मधला तुकडा कापून वरचा भाग खाली आणला, की वरच्या खांबाचे टोक खालच्या खांबाच्या टोकावर येत नाही. टप आखूड पडतो. मग एकतर टप मधून चिरून लांब करायचा, नाहीतर पुढचे खांब आणखी मागे झुकवायचे, नाहीतर मागची काच उचलून पुढे कलवायची. शिवाय मागून जास्त कापायचे असल्यामुळे टपाचा बाकही बदलतो. त्यात १९४९ ची मर्क्युरी आणि १९५१ ची मर्क्युरी पाठीमागून सारख्या नाहीत. ५१ ची मागची काच मोठी, मडगार्डे लांब. तेही सगळे नव्याने घडवायचे.

धनत्रयोदशीच्या दिवशी दुपारी भाचा टप हातात घेऊन बराच वेळ नुसता बसला होता. मी विचारले, "अडलं का?" तर म्हणाला, "सॅम बॅरिस इथेच अडला असणार." हे तो इतक्या सहज म्हणाला, की मला आमच्या धंद्यातली एक गोष्ट आठवली. एखाद्या कवितेचे भाषांतर करायला बसले म्हणजे मूळ कवी कोणत्या शब्दापाशी थांबला असेल, हे नुसत्या वाचनाने कधी कळले नव्हते ते कळते. कारण आपणही तिथेच थांबतो. भाच्याच्या हाती कारखान्याचे नकाशे नव्हते. जुने फोटो होते, आणि फोटोत भिंगामुळे जवळचा भाग फुगतो, लांबचा आकसतो. त्या फोटोंवरून त्याला चार आणि सात ह्या आकड्यांमागचा हेतू शोधून काढायचा होता. आकडे पुस्तकात मिळतात. टपाचा बाक मिळत नाही.

म्हणून मी माझा 'नक्कल' हा शब्द पहिल्यांदा इथे मागे घेतो. नक्कल करणारा वस्तूचा शेवट पाहतो आणि तो उचलतो. हा माणूस वस्तूच्या घडणीतून पुन्हा एकदा चालत गेला.

४

एवढे कबूल केल्यावर, खरी अडचण पुढे येते. ती मापाची आहे.

मोटारीचा पत्रा सुमारे एक मिलिमीटर जाडीचा असतो. पंचविसास एक ह्या प्रमाणात तो ०.०४ मिलिमीटर व्हायला हवा. म्हणजे पातळ कागदाहूनही पातळ. साच्यातून निघालेले प्लॅस्टिक असते एक-दीड मिलिमीटरचे. उलट हिशेब केला तर मूळ गाडीला तीन सेंटिमीटर जाडीचे पत्रे लावल्यासारखे झाले. हा रणगाडा झाला! दारांच्या फटी मुळात चारपाच मिलिमीटरच्या, त्या प्रतिकृतीत ०.२ मिलिमीटरच्या; रंगाचे दोन हात बसले की त्या बुजतात आणि दार उघडणारच नाही असे वाटू लागते. म्हणून जाणता कारागीर प्लॅस्टिकची कड आतून तासून पातळ करतो, आणि फट मापापेक्षा खोल कोरतो. म्हणजे माप पाळून खोटे दिसते आणि माप मोडून खरे दिसते!

रंगाचे तर ह्याहून विचित्र. मूळ गाडीचा रंग अगदी तोच, त्याच डब्यातला, प्रतिकृतीला लावला तर ती काळवंडलेली, जड दिसते. ह्याचे कारण पाहणाऱ्याच्या जागेत आहे. वीतभर गाडी आपण हातभर अंतरावरून, समजा तीस सेंटिमीटरवरून पाहतो. त्याची पंचवीसपट म्हणजे साडेसात मीटर. प्रतिकृती हातात धरून पाहणारा माणूस वास्तविक खऱ्या गाडीपासून पंचवीस फुटांवर, रस्त्याच्या पलीकडच्या कडेला उभा असतो. तेवढ्या अंतरावरून रंग जरा फिका होतो, चकाकी मऊ होते, स्क्रूच्या खाचा दिसेनाशा होतात. म्हणून हे कारागीर रंगात थोडा पांढरा मिसळतात. किती, ह्यावर त्यांच्यात कायमचे वाद आहेत, आणि ते वाद आपल्याकडच्या वृत्तांविषयीच्या वादांइतकेच कडाक्याचे असतात असे भाचा सांगतो.

मला ह्यात एक मोठे तत्त्व दिसते. प्रतिकृती वस्तूची करायची, की वस्तूच्या दर्शनाची? जो फक्त वस्तू मोजतो त्याची गाडी मेलेली निघते. जो दर्शन पकडू पाहतो त्याला प्रत्येक ठिकाणी ठरवावे लागते : हे ठेवू, हे सोडू, हे जरा वाढवू. आणि जिथे असे ठरवावे लागते तिथे कलेचा उंबरठा सुरू होतो.

फ्रेंच मानवशास्त्रज्ञ क्लोद लेव्ही-स्ट्रॉस ह्यांनी १९६२ च्या आपल्या ग्रंथात लघुप्रतिकृतींविषयी एक मार्मिक विचार मांडला आहे. एरवी मोठी वस्तू आपण भागाभागाने समजून घेतो. ती लहान केली की समग्र वस्तू आधी समजते आणि भाग नंतर. लहानपणात सुख आहे ते ह्यामुळे. पाहणाऱ्यापुरते हे पटते. शोकेसमधली गाडी पाहताना डोळा तिला एकदम कवेत घेतो, आणि वीतभर वस्तूवर आपले राज्य आहे असे वाटून मन सुखावते. पण करणाऱ्याचा अनुभव ह्याच्या अगदी उलटा. त्याला चार दिवस फक्त एक सांधा दिसत असतो. समग्र गाडी त्याला सर्वांत शेवटी भेटते, आणि कित्येकदा भेटतच नाही. ह्या छंदातली बहुतेक खोकी अर्धवट जोडून माळ्यावर गेलेली असतात, हे ज्यांच्या घरी असा कोणी आहे त्यांना ठाऊक आहे.

५

ह्या छंदाची स्तुती बरीच झाली. आता दोष.

पहिला दोष तपशिलाच्या हव्यासाचा. स्पर्धांतून बक्षिसे देताना परीक्षक तपशील मोजतात, आणि मोजता येतो म्हणूनच तपशील वाढतो. इंजिनाला केसाएवढ्या वायरी, डॅशबोर्डवर वाचता येतील असे आकडे, पायदानाच्या गालिच्याला लव. पंचवीस फुटांवरून ह्यातले काहीच दिसायचे नाही. आपल्याकडच्या काही ऐतिहासिक कादंबऱ्यांत लढाई सुरू होण्यापूर्वी पगडीच्या पेचांची चार पाने येतात, त्यातलाच हा प्रकार. अभ्यास दिसतो, पण लढाई दिसत नाही.

दुसरा दोष निर्णय टाळण्याचा. आता हव्या त्या भागाचा आकार संगणकावर रेखून छापयंत्रातून थर थर देऊन काढता येतो. त्याला माझी हरकत नाही. हातकरवतीलाच पावित्र्य असते असे मी मानत नाही. पण टपाचा तयार बाक विकत मिळाला की तो तसा का, हे विचारायची गरज उरत नाही. मग हाती राहते ती जोडणी.

तिसरा दोष अधिक खोल आहे, आणि तो हिरोहाटा मर्कच्या बाबतीत नेमका जाणवतो. प्रतिकृती कोणत्या क्षणाची? ही गाडी १९५५ नंतर दुसऱ्याच्या हाती गेली. रंग बदलला. १९५९ साली एका शाळकरी पोराने ती पाचशे डॉलरला विकत घेतली, रोज वापरली, आणि पुढे कित्येक वर्षे ती त्याच्या गॅरेजात पडून राहिली. १९८९ पासून त्यानेच ती पुन्हा मूळ रूपाला आणायला घेतली. २०१७ साली तिची नोंद अमेरिकेच्या ऐतिहासिक वाहनांच्या राष्ट्रीय सूचीत झाली, आणि २०२२ च्या जानेवारीत लिलावात तिला वीस लाख डॉलरच्या आसपास किंमत आली. एका गाडीची ही अनेक आयुष्ये. प्रतिकृती करणारे बहुतेक सारे मात्र १९५३ ची, न्हाऊनमाखून मांडवात आलेली गाडीच निवडतात. गॅरेजातल्या धुळीत बसलेल्या मर्कची प्रतिकृती मी तरी पाहिलेली नाही. आठवण ठेवायची तर ती फक्त लग्नाच्या दिवसाचीच ठेवायची, हा हट्ट भाबडा आहे.

आता नक्कल आणि निर्मिती ह्यांची नेहमीची उतरंड लावून पाहू. जनरल मोटर्सच्या फिशर बॉडी विभागाने १९३० साली मुलांसाठी 'क्राफ्ट्समन्स गिल्ड' नावाची स्पर्धा सुरू केली. पहिल्यांदा मुलांनी करायची ती नेपोलियनच्या काळच्या घोडागाडीची हुबेहूब प्रतिकृती, दिलेल्या नकाशांवरून. १९३७ पासून स्वतः कल्पिलेल्या मोटारीचा नमुना करायचीही मुभा आली, आणि पुढे घोडागाडी मागे पडली. १९४७ साली ह्या मोटारस्पर्धेत पहिला आलेला चक जॉर्डन नावाचा मुलगा पुढे त्याच कंपनीच्या साऱ्या आरेखनाचा प्रमुख झाला. १९६८ साली ही स्पर्धा बंद पडली. ह्यावरून कोणी म्हणेल की पाहा, घोडागाडी ही खालची पायरी आणि कल्पिलेली मोटार ही वरची. कंपनीलाही ते कळले. मी ओसरीवर म्हणालो होतो ते हेच.

पण कस्टम गाडीची प्रतिकृती ह्या जिन्यावर कुठेच बसत नाही. तिच्यापाशी घोडागाडीचे नकाशे नाहीत आणि कल्पिलेल्या मोटारीची मोकळीकही नाही. एका माणसाने कारखान्याच्या गाडीचा लावलेला अर्थ, दुसरा माणूस पुन्हा लावून पाहतो. ह्याला आपल्याकडे एक जुने आणि मानाचे नाव आहे : टीका. 'ज्ञानेश्वरी'ला आपण टीकाग्रंथ म्हणतो, आणि तसे म्हणताना तिला कमी लेखत नाही. प्लॅस्टिकच्या गाडीला मी त्या पंक्तीला नेऊन बसवत नाही. माझ्या परीक्षणांनाही नाही. पण दुसऱ्याच्या वस्तूपाशी निष्ठेने बसून राहिल्याने माणूस आपोआप दुय्यम होत नाही, एवढे त्या शब्दातच सांगितलेले आहे. किती पाहिले आणि किती ठरवले, ह्यावर त्याची पायरी ठरते.

६

भाऊबीजेनंतर भाचा गेला. वैशाखात एका लग्नासाठी पुन्हा आला तेव्हा कापसात गुंडाळलेली, रंगवून पुरी झालेली गाडी त्याने माझ्या टेबलावर ठेवली. म्हणाला, "मामा, परीक्षण लिहा. घरचा म्हणून सोडू नका."

मी ती गाडी तीन दिवस पाहिली. एकदा भिंगातून आणि मग मुद्दाम हातभर अंतरावरून. टप उत्तम उतरला होता. पुढच्या काचेपासून निघालेली रेघ मागच्या बंपरापर्यंत कुठेही अडखळत नव्हती. सांधा कुठे आहे ते शोधूनही सापडले नाही. ब्युइकच्या पट्टीला त्याने मिठाईच्या वर्खासारखा पातळ धातूचा पापुद्रा चिकटवला होता, आणि तो पट्टीच्या कडेशी असा नेटका कापला होता की सोनाराने मान डोलवावी.

पण खालचा गर्द हिरवा मला खटकला. फार गर्द होता. वरचा फिकट रंग त्याने अंतराच्या हिशेबाने आणखी हलका केला होता, तसा खालचा केला नव्हता. वरचा हिरवा पंचवीस फुटांवरून पाहिलेला आणि खालचा हिरवा जवळ उभे राहून पाहिलेला. एका गाडीत दोन पाहणारे झाले होते. त्यामुळे पट्टीवरचा तो विरोध नको इतका कडक झाला, आणि गाडी मधोमध दोन तुकडे केल्यासारखी दिसू लागली. शिवाय रंगाचा थर दारांच्या फटींत थोडा साचला होता. मी हे सगळे त्याला सांगितले. सांगताना जीभ जड झाली, कारण सहा महिन्यांच्या संध्याकाळी त्या वीतभर वस्तूत गेल्या होत्या, आणि समोर बहिणीचा मुलगा होता. पण परीक्षण मागितले होते, कौतुक नव्हे.

तो बराच वेळ गाडी खिडकीच्या उजेडात फिरवीत राहिला. काही बोलला नाही. लग्न झाले, तो परत गेला. पुढे पंधरा दिवसांनी त्याचा फोन आला. गाडीचे सगळे भाग सुटे करून त्याने तिचा सांगाडा रंग उतरवण्याच्या द्रावणात बुडवला होता. हिरवे दोन्ही रंग गेले होते आणि खालचे पांढरे प्लॅस्टिक उघडे पडले होते. "टपाचा सांधा आता दिसतोय," तो म्हणाला, "म्हणजे तोही पुन्हा घासायला हवा."

मला वाईट वाटले. तसे मी बोलूनही दाखवले.

"वाईट कशाला वाटून घेता, मामा?" तो म्हणाला. "खालचा रंग मलाही खटकत होता. का, ते सापडत नव्हतं."

चाळीस वर्षांत माझ्या कोणत्याही परीक्षणाला ह्यापेक्षा मोठी दाद मिळालेली नाही. ह्या दिवाळीत तो येणार आहे. अंगणात पोरांचा किल्ला होईलच, आणि मावळा दरवाजापेक्षा उंच राहील. त्याला कोणी काही म्हणायचे नाही असे मी घरात बजावून ठेवले आहे. ओसरीवर मात्र मी ह्या खेपेला करवतीजवळ एक पाट माझ्यासाठी मांडून ठेवणार आहे. भिंग पुसून ठेवले आहे.